नीळ जरा जास्त झाली

आमच्या देवाखाली अंथरायचं वस्त्र पांढरं असतं. दर गुरुवारी मी ते खाली वन्संकडे धुवायला देते आणि शुक्रवारी सकाळी ते घडी होऊन परत येतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचा हा नेम, म्हणजे चौतीस वर्षांचा. त्या एका शुक्रवारी मी घडी उलगडली आणि बघतच राहिले. वस्त्र निळं झालं होतं. डाग पडून नव्हे. सगळीकडून सारखं, एकसंध, सकाळी दहाच्या आभाळासारखं.

मी ते तसंच अंथरलं. माझ्या रोजनिशीच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर लिहिलं, "आज वस्त्र निळं आलं. वन्संना बोलले नाही." पुढच्या शुक्रवारच्या पानावर तीच ओळ. त्याच्या पुढच्याही. ती पानं समोर ठेवूनच हे लिहिते आहे, कारण वन्संबद्दल लिहायचं तर निळीपासूनच सुरुवात करायला हवी.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. नात्यानं माझ्याहून धाकट्या, वयानं चार वर्षांनी मोठ्या. त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमचं दोघींचं अहो-जाहो ठरलं. त्या मला "वहिनी, तुम्ही" म्हणतात, मी त्यांना "वन्सं, तुम्ही". फक्त भांडताना त्या "अगं"वर येतात. खालून "अगं" ऐकू आलं की हे वर्तमानपत्र उचलून गच्चीवर जातात.

घराचा सगळा तळमजला म्हणजे लॉन्ड्री. पुढच्या खोलीत इस्त्रीचं लांब टेबल आणि फळ्यांवर गठ्ठे, मधल्या खोलीत कपडे उकळायचा हंडा, मागे दगडी टाक्या तीन: एक साबणाची, एक साध्या पाण्याची, एक निळीची. त्यामागे अंगण आणि दोऱ्याच दोऱ्या. वन्संनी लग्न केलं नाही. विसाव्या वर्षी वडिलांच्या हातातून त्यांनी लॉन्ड्री घेतली ती आजतागायत. रंगीत कपडे घेतात, पण उपकार केल्यासारखे. जीव सगळा पांढऱ्यात. स्वतःही कायम पांढऱ्यात. गल्लीतली मुलं त्यांना बगळाताई म्हणायची. ती मुलं आता आपल्या मुलांचे शाळेचे शर्ट घेऊन येतात, तोंडावर "ताई" म्हणतात आणि पाठ वळली की बगळाताईच. वन्संना ते ठाऊक आहे. "कावळाताई म्हणत नाहीत ना, मग झालं," म्हणतात.

पांढरं कापड नुसतं धुऊन पांढरं होत नाही, हे मला या घरात कळलं. कितीही धुवा, ते किंचित पिवळट मारतं. म्हणून शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ द्यायची. ती स्वतः दिसत नाही, पण पिवळेपणा खाऊन टाकते. किती द्यायची, हीच सगळी विद्या. पुडीवरचं माप वन्संनी कधी वाचलं नाही. निळीची पुरचुंडी पाण्यात फिरवायची, ओंजळभर पाणी उचलायचं आणि तळहाताकडे बघायचं. रेषा निळ्या दिसल्या पण हात निळा दिसला नाही, की त्या म्हणायच्या, "रेषेत बसली." मग कपडे बुडवायचे.

अशा बाईकडून निळं वस्त्र आलं, म्हणजे कुठंतरी काहीतरी चुकलं होतं. आणि ते एकट्या देवाच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

"मी सदरा दिला होता," हे आरशासमोर उभे राहून म्हणाले, "आभाळ परत आलंय. ढगसुद्धा नाही एक."

"हळू बोला. खाली ऐकू जाईल."

"ऐकू जावं म्हणूनच बोलतोय. तू तरी सांग तिला."

"तुमची सख्खी बहीण. तुम्ही सांगा."

यावर हे गच्चीवर गेले, आणि तेव्हा तर कुणी "अगं"सुद्धा म्हटलं नव्हतं.

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई मात्र बोलल्या. दुकानात येऊन, हसत हसत म्हणाल्या, "ताई, आमच्या शाळेचा गणवेश बदललात की काय? मुलं पांढरी जातात, निळी परत येतात."

वन्संनी इस्त्री उभी ठेवली. "बाई, पांढरं म्हणजे काय हे मी एक्केचाळीस वर्षं बघतेय. तुमचेच डोळे तपासून घ्या."

मी जिन्यात उभी होते. वन्संच्या बोलण्यात तिखटपणा नेहमीचाच. पण त्या दिवशी तिखटाच्या खाली भीती होती. बाई गेल्यावर त्यांनी तो शर्ट उचलून उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि पुन्हा निळीच्या टाकीकडे घेऊन गेल्या. अजून पांढरा करायला.

मला वाटलं, वय झालं, हात चळला. रोज देवापुढे बसून मागायची, वन्संच्या हाताला पूर्वीचं वळण दे. त्या हातावरच तर त्या उभ्या आहेत. तो गेला तर माणूस उरेल, वन्सं उरणार नाहीत. असं देवाला सांगून मी मोकळी व्हायची. ज्या माणसाला सांगायला हवं होतं ते एक जिना खाली होतं.

मग हातमोज्यांची चिठ्ठी आली.

शहरातल्या चित्रसंग्रहालयात चित्रं हलवणारी, पुसणारी माणसं सुती पांढरे मोजे घालतात, बोटांचा घाम रंगाला लागू नये म्हणून. ते मोजे छत्तीस वर्षं वन्संकडे येतात. आठवड्याला दीडशे जोड. लहान बाळाचे कपडे धुवावेत तसे त्या धुतात, एकेक बोट ओढून सरळ करतात, डाव्यावर उजवा ठेवतात. चिठ्ठीत लिहिलं होतं, "मोजे काही आठवड्यांपासून निळसर येत आहेत. रंगाचा अंश राहिल्यास चित्रांना धोका. कृपया भेटावे."

"भेटते ना," वन्सं म्हणाल्या. "चला हो वहिनी माझ्याबरोबर. तुमच्यासारखं शांत माणूस शेजारी असलं की माझा आवाज चढत नाही."

मी गेले. संग्रहालयाच्या मागच्या दारानं आत गेल्यावर भांडाराची खोली. तिथले साहेब म्हणजे कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असलेला सज्जन माणूस. सगळे त्यांना चावीसाहेब म्हणतात. त्यांनी आम्हाला बसायला दिलं, काहीच न बोलता टेबलावर एक कोरा मोजा ठेवला आणि त्याच्या शेजारी आमच्याकडून धुऊन आलेला.

मला लांबूनच दिसलं. एक पांढरा, एक निळा.

वन्संनी दोन्ही उचलले. कोरा मोजा पुढं करून म्हणाल्या, "हा पिवळा आहे. तुमचा माल खराब आलाय. माझा पांढरा आहे."

चावीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"ताई," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून मोजे दुसरीकडे द्यावेत असं वरून आलंय. मी थांबवून धरलंय. महिनाभर." मग काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, "इतकी वर्षं येता, कधी वर जाऊन चित्रं पाहिलीत का? आज बघून जा. मी दरवाज्यावर सांगतो."

छत्तीस वर्षांत वन्सं मागच्या दाराच्या पुढे गेल्या नव्हत्या. मला वाटलं नको म्हणतील. पण त्या उठल्या. "बघू तरी, कशासाठी एवढे मोजे लागतात."

वरच्या दालनात भिंतभर एक चित्र होतं आणि त्याच्यासमोर दहा-बारा निवृत्त मंडळींचा घोळका. चित्रं समजावून सांगणारी मुलगी त्यांच्याशी बोलत होती. आम्ही मागं उभ्या राहिलो.

चित्र बागेचं. दुपारची वेळ. झाडाखाली टेबल. पांढऱ्या झग्यातली एक बाई खुर्चीत, दुसरी तशाच झग्यात छत्री घेऊन उभी. गवती टोपीतला एक पाठमोरा पुरुष, गवतात बसलेलं मूल. लांब मागं कुंपणाच्या फाटकात आणखी एक बाई; तिला नाकडोळेही धड दिलेले नव्हते, हातात नुसता रंगाचा एक फटकारा. जवळ गेलं की सगळंच फटकारे, आणि चार पावलं मागं आलं की ऊन. मला तर त्या उन्हानं डोळे बारीक करावेसे वाटले.

"बघितल्याबरोबर काय वाटतं?" मुलीनं विचारलं.

"सहल," एक आजोबा म्हणाले.

"वाढदिवस असेल कुणाचा," एक बाई.

"जेवण झालंय आणि आवरायचं कुणी यावर भांडण चाललंय," आणखी एक आजोबा म्हणाले. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं की घरी तेच चालत असणार.

मुलगी हसली. मग म्हणाली, हे चित्रकार खोलीतून उठून बागेत जाऊन बसले, तेव्हा त्यांना दिसलं की सावली काळी नसते. उघड्या आभाळाखाली पांढऱ्या कपड्यावर सावली पडली की त्यात आभाळ उतरतं. "या बसलेल्या बाईचा झगा बघा. उन्हातली बाजू पांढरी. सावलीतली चक्क निळी आहे."

"निळी कुठंय?"

वन्संचा आवाज. सगळी डोकी मागं वळली.

"अहो आजी, ही काय," मुलीनं हात दाखवला.

"ती मळकट दिसतेय थोडी. निळी नाही. निळं मला कळतं हो, माझं आयुष्य त्यात गेलंय."

दोघं-तिघं हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती मुलगी हसली नाही. म्हणाली, "मग तुम्ही सांगा ना, तुम्हाला काय दिसतं?"

आणि वन्संनी सांगितलं.

"ही बसलीय ना, तिनं झगा आत्ताच अंगावर चढवलाय. मांडीवर घडीच्या रेषा अजून मोडल्या नाहीत. खळ भरपूर आहे, म्हणून ती टेकून बसली नाहीये. ही पाहुणी. नव्या कपड्यात बसलेल्या माणसाला हलायची चोरी असते. ती छत्रीवाली घरची. सकाळपासून तोच झगा, खाली घेराला गवत लागलंय. गवताचा डाग सहजी निघत नाही, पण तिला फिकीर नाही, कारण धुणारी ती नव्हे." त्या थांबल्या. "धुणारी ती. मागची."

"फाटकातली?" मुलगी पुढे सरकली. "तिच्या हातात काय आहे यावर जाणकारांचं एकमत नाही बरं का. कुणी बदक म्हणतं, कुणी फुलांचा गुच्छ."

"बदक!" वन्संना हसूच आलं. "घडी आहे ती. धुतलेल्या कापडाची. गुच्छ कुणी असा धरतं का? गुच्छ छातीशी धरतात. घडी हातावर आडवी घेतात, अंगापासून लांब, अंगाला लागली की चुरगळते. आणि ती आत आली नाहीये. फाटकात थांबलीय. आत पाहुणे आहेत, कुणीतरी आपल्याकडे बघेल आणि ये म्हणेल म्हणून उभी आहे."

बोलता बोलता त्यांनी हात पुढे केले होते, आडवे, अंगापासून लांब. दर शुक्रवारी सकाळी माझ्या दारात त्या अशाच उभ्या असतात. चौतीस वर्षं. मी घडी घेते, "या ना बसा," म्हणते, आणि त्या "इस्त्री तापलीय" म्हणून खाली जातात. त्या क्षणी चित्रातली ती बिनतोंडाची बाई मला ओळखीची झाली.

आवरण्याच्या भांडणाचे आजोबा म्हणाले, "आजी, तुम्ही आमच्याबरोबर पुढच्या खोलीत या."

पण माझं लक्ष दुसरीकडं होतं. मी हळूच विचारलं, "वन्सं, ती छत्री कोणत्या रंगाची?"

"राखाडी. धुळीनं भरलेली. का?"

अख्ख्या चित्रात सगळ्यात निळी वस्तू ती छत्री होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हात चळला नव्हता. एका घडीवरून माणसाचं घर सांगणारी ही बाई, तिचा हात कुठला चळणार? तिला पांढरं पिवळं दिसत होतं, म्हणून ती नीळ घालत होती. आणि नीळ दिसतच नव्हती, म्हणून घालतच होती.

बाहेरच्या पायऱ्यांवर मी त्यांना बसवलं आणि सांगितलं. छत्रीपासून सुरू केलं, मग मोजे, यांचे सदरे, शाळेचे शर्ट. देवाचं वस्त्र तेवढं सांगवेना.

वन्सं एकेक शब्द ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, सरळ म्हण ना मी आंधळी झालेय."

"तसं नाही हो. डॉक्टरांना एकदा—"

"कोण डॉक्टर? बाबांना नेलं होतं तोच?"

सासऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून आंधळेच पाहिले. थोडं धूसर दिसतं म्हणून त्यांनी डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली, ती बिघडली, आणि वर्षभरात दुसराही डोळा गेला. ते अंगणात दोऱ्यांखाली बसायचे. वाळलेलं कापड गालाला लावून सांगायचे, "अजून ओल आहे." त्यांचं सगळं वन्संनी केलं. विसाव्या वर्षी लॉन्ड्री हातात आली ती अशी.

"धूसर होतं तोवर त्यांना माझं तोंड दिसत होतं," वन्सं म्हणाल्या. "धूसर चालेल मला." आणि माझी वाट न बघता पायऱ्या उतरल्या. शेवटची पायरी त्यांनी पायानं चाचपून घेतली, ते मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणजे पहिल्यांदाच लक्ष देऊन पाहिलं.

आठ दिवस अबोला. जेवणाचं ताट यांच्या हातून खाली जायचं आणि रिकामं होऊन यांच्याच हातून वर यायचं. हे म्हणाले, "मी भाऊ आहे की पोस्टमन?" वहीत त्या आठवड्यात फार काही नाही. एका पानावर एवढंच आहे: "देवा, बोलले त्याची चूक झाली की इतके दिवस बोलले नाही त्याची?"

नवव्या दिवशी दुपारी वन्संनी जिन्याखालून हाक मारली. "वहिनी, खाली या जरा."

इस्त्रीच्या टेबलावर तीन पांढरे वाडगे होते, पाण्यानं भरलेले. शेजारी निळीची पुरचुंडी.

"मी पाठ करून उभी राहते. यातल्या एकात नीळ फिरवा. मापात. मी टाकते तेवढी नको, पुडीवर लिहिलीय तेवढी."

मी मधल्या वाडग्यात फिरवली. पाणी छान हलकं निळं झालं. "झालं."

त्या वळल्या. वाकून तिन्ही वाडग्यांकडे पाहिलं. पहिल्यापाशी थांबल्या, मग तिसऱ्यापाशी. वाडगे खिडकीजवळ नेले. मग एकेका वाडग्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तळहात डोळ्यांशी आणला, जसा आयुष्यभर आणत आल्या होत्या. माझ्या तोंडून "मधला" निघायला आलं होतं. मी दात दाबून उभी राहिले.

"हा," त्यांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

मी काही बोलले नाही. माझं न बोलणं त्यांना या वेळी बरोबर कळलं. त्यांनी मधल्या वाडग्यात रुमालाचं टोक बुडवलं, पिळलं, माझ्या हातात दिलं. "निळं आहे?"

"हो, वन्सं."

त्यांनी रुमाल परत घेऊन टेबलाच्या कडेवर पसरला. "डोळ्यांना भिऊन हात घालवला मी," त्या म्हणाल्या. "आणि डोळे तरी कुठं राहिलेत. विचारून ठेवा डॉक्टरला."

डॉक्टर तरुण बाई होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणाल्या; डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, मग निळं दिसेनासं होतं.

"दागिन्यांची हौस केली नाही कधी," वन्सं म्हणाल्या, "म्हणून देवानं डोळ्यातच मोती घातले."

डॉक्टर हसल्या. मग वन्संनी वडिलांचं सांगितलं तेव्हा हसणं बाजूला ठेवून म्हणाल्या, "तेव्हाची पद्धत वेगळी होती. आता फार सोपं झालंय. पण धोका अजिबातच नाही, असं मी म्हणणार नाही."

"धोकाच नाही म्हणाली असतीस तर उठून गेले असते," वन्सं म्हणाल्या. "आधी एक डोळा कर. दुसरा राखून ठेवू."

उजवा डोळा झाला. मी बाहेरच्या बाकावर नाम घेत बसले होते, आणि शेजारी हे, मांडीवर उलटं वर्तमानपत्र घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. वन्संनी आधी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही म्हाताऱ्या कधी झालात?" मग यांच्याकडे. यांच्या अंगात तोच निळा सदरा होता. त्या बघतच राहिल्या. "दादा, हा रंग तुला मी दिला?"

"तुझ्या हातचा आहे म्हणून मिरवतोय," हे म्हणाले, आणि बाही पुढे करून दाखवली.

घरी आल्यावर त्या सरळ मागच्या टाकीपाशी गेल्या. "ही निळीची टाकी आहे की शाईची?" टाकीचं बाहेरच्या बाजूचं बूच त्यांनी स्वतः उपसलं. मग जिना चढून वर आल्या. आपणहून वर येऊन देवापुढे बसल्या, असं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. निळ्या वस्त्राकडे त्यांचं लक्ष गेलं.

"हेही?"

"देवाची काही तक्रार नव्हती," मी म्हटलं.

"किती दिवस?"

मी वही पुढे केली. खोटं बोलायची सोयच नव्हती. त्यांनी एका डोळ्यानं पानं उलटली. "वन्संना बोलले नाही." "वन्संना बोलले नाही." अकरा शुक्रवार. त्यांनी वही मिटली आणि तिच्यावरून हात फिरवला, इस्त्री केल्यासारखा.

"देवाला सांगितलंत. वहीला सांगितलंत. मधे माझा मजला लागत नव्हता का हो?"

मी देवाखालचं वस्त्र काढून त्यांच्या हातात दिलं.

चावीसाहेबांनी दिलेल्या महिन्यातले बारा दिवस उरले होते. पाण्यात हात घालायला डॉक्टरांनी आठवडाभर बंदी केली होती, म्हणून टाकीत हात माझे आणि डोळा त्यांचा. "अजून नाही. थोडी फिरवा. बस! बस म्हटलं ना!" ओंजळ मी उचलायची, वाकून त्या बघायच्या. माझ्या हाताच्या रेषा त्यांनी इतक्या वेळा बघितल्या की म्हणाल्या, "तुमच्या हातावर प्रवास दिसत नाही, वहिनी. सगळा जिनाच आहे." दीडशे जोड मोजे उकळले, तीनदा धुतले, रेषेत बसवले. दोऱ्यांवर ते वाळत होते तेव्हा असं वाटलं की तीनशे हात कुणाला तरी ये म्हणतायत.

भांडारात चावीसाहेबांनी कोरा मोजा काढला, आमचा शेजारी ठेवला, दोन्ही उलटसुलट केले आणि विचारलं, "यातला कोरा कोणता होता?" वन्संनी डाव्यावर बोट ठेवलं. "हा. याच्या शिवणीत अजून कारखान्याचा कडकपणा आहे." साहेबांनी गठ्ठा उचलून फळीवर ठेवला, नेहमीच्या जागी.

मग वन्सं म्हणाल्या, "वर जाऊन येऊ."

दालनात त्या वेळी कुणी नव्हतं, ती मुलगी तेवढी होती. तिनं ओळखलं. "आजी, तुमची घडी मी आता सगळ्यांना सांगते. बदक, गुच्छ आणि घडी. लोक घडीलाच मत देतात."

वन्संनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष चित्रावर होतं. मग डावा हात उचलून डावा डोळा झाकला.

"अगं!" त्या म्हणाल्या. "अगं, निळी!"

मी दचकले. भांडण नसताना आलेलं ते पहिलं "अगं".

"झगा बघ ना. खरंच आभाळ उतरलंय. आणि छत्री... ही छत्री मी राखाडी म्हटली?" त्यांनी हात बदलला, उजवा डोळा झाकला. "या डोळ्यानं राखाडी." पुन्हा डावा. "या डोळ्यानं निळी." लहान मुलीसारख्या त्या हात बदलत होत्या. झाकायच्या, उघडायच्या. एका डोळ्याला जुनी बाग, एका डोळ्याला नवी. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात करायचा ठरला होता, आणि मला वाटून गेलं, जुनी बाग बघायला आता थोडेच दिवस उरले.

"आजी, मग कोणती खरी?" मुलीनं विचारलं.

"थांब." वन्सं दोन पावलं पुढे गेल्या, डावा डोळा झाकून फाटकातल्या बाईकडे वाकल्या. बाईच्या हातातली घडी. मीही पाहिली. मागच्या वेळी माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. ती ऐन उन्हात होती, तिच्यावर सावली नव्हती. तरीही तो फटकारा पांढरा नव्हता. फिका, पण स्पष्ट निळा होता.

वन्संना हसू फुटलं. आधी आतल्या आत, मग खांदे हलायला लागले, मग नव्या डोळ्यातून पाणी.

"अगं, हिचीही नीळ जास्त झालीय," त्या म्हणाल्या. "म्हणून फाटकात थांबलीय बिचारी. आतले सगळे बघतायत, आणि कुणी सांगत नाहीये." डोळ्यावरचा हात काढून त्यांनी तो माझ्या खांद्यावर ठेवला. "हिलाही तुझ्यासारखीच वहिनी मिळालेली दिसतेय."